एका दमात बुर्गास

ल्यूबेन त्साकोव्हला झोप येत नसे. म्हणजे यायची, चारचौघांना येते तशीच यायची, पण तो ती कबूल करत नसे. जेवणानंतर खुर्चीत त्याची हनुवटी छातीला टेकलेली असायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असायचा, आणि बायकोने टीव्ही बंद केला की डोळे न उघडता तो म्हणायचा, "बघतोय मी." वीदिनच्या भूमापन कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने पेंगणं हे त्याला लाच खाण्याच्या जवळपासचं वाटे. खरं सांगायचं तर लाच खाणाऱ्यांबद्दल तो जरा मवाळ बोलायचा.

त्यात भर म्हणजे आमच्या लोकांची मान. आमच्याकडे मान खाली-वर झाली की 'नाही', आणि डावीकडून उजवीकडे झाली की 'हो'. उरलेल्या जगात हे उलटं चालतं, पण तो उरलेल्या जगाचा दोष. एकदा एक निवृत्त जर्मन मास्तर डॅन्यूबच्या काठी घर घ्यायला आला होता. त्याने ल्यूबेनच्या खिडकीशी येऊन कागदांचं भेंडोळं दाखवलं आणि खुणेने विचारलं, सगळं ठीक आहे ना? ल्यूबेनने मान दोनदा खाली-वर केली. म्हणजे मुळीच ठीक नाही. जर्मन खूश झाला, ल्यूबेनचा हात दाबून गेला आणि त्याच आठवड्यात घर घेऊन मोकळा झाला. पुढे सहा वारसदार उगवले आणि चार वर्षं मास्तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसला. "मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं," असं म्हणून ल्यूबेन ही गोष्ट दर नाताळात जेवणाच्या टेबलावर संपवायचा आणि सगळे दरवर्षी हसायचे. गेल्या नाताळात त्याने ती सांगितली नाही, आणि कुणी सांग म्हणालंही नाही.

तर गोष्ट पाळण्याची.

ल्यूबेनची मुलगी रालित्सा दिली होती बुर्गासला, समुद्राकाठी, म्हणजे वीदिनहून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिला जुलैत मुलगी झाली. नाव नेदा, आजीच्या नावातलं पहिलं अक्षर घेऊन. आजी म्हणजे ल्यूबेनची बायको नेवेना. बाळंतिणीच्या घरी चाळीस दिवस बाहेरच्यांनी जायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज, आणि नेवेना तो पाळत होती. पण विहीणबाई मात्र रालित्साच्या खालच्याच मजल्यावर राहायच्या, त्यामुळे त्या बाहेरच्या ठरत नव्हत्या. त्या रोज फोनवर बाळाचं वजन सांगायच्या. वर त्यांनी बाळासाठी दुकानातून एक प्लॅस्टिकचा पाळणा आणला होता. बटण दाबलं की तो आपोआप हलायचा आणि गाणं म्हणायचा. हे ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी नेवेना तळघरात उतरली आणि तिच्या वडिलांनी अक्रोडाच्या लाकडाचा केलेला पाळणा वर घेऊन आली. त्यात ती स्वतः वाढली होती, रालित्सा वाढली होती. खाली दोन वाकडे पाय, पायाने हलवायचा, गाणं आपण म्हणायचं.

"रविवारी बारसं आहे," ती म्हणाली. "बाळाला चर्चमधून आणतील तेव्हा यात मी निजवणार. माझ्या हातांनी. त्या बाईच्या आधी."

एवढंच तिला हवं होतं. बाकीचं सगळं नंतर चिकटत गेलं.

पाळणा गाडीच्या टपावर बांधून शनिवारी पहाटे पाचला निघायचं असं ठरलं. ही बातमी इमारतीच्या दारापुढच्या बाकावर पोचायला पाव तास लागला. तो बाक म्हणजे आमची संसद, फक्त तिथे हजेरी पूर्ण असते.

"किती तासांत जाणार?" तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर कांबुरोव्हने विचारलं.

"जाऊ हळूहळू," ल्यूबेन म्हणाला.

"हळूहळू लोक दवाखान्यात जातात. माझा वेळ सात तास पाच मिनिटं. एका दमात. लघवीलासुद्धा थांबलो नाही."

"वय काय होतं तेव्हा तुमचं?"

"वयाचा काय संबंध? तुम्हाला नाही जमणार ते सोडा. तुम्ही बसून काम करणारी माणसं."

झालं. इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती, एखाद्या शहाण्या माणसाच्या बाबतीत संपलीही असती. पण ल्यूबेन तरुणपणी सैन्यात दोन वर्षं एका कर्नलची गाडी चालवत होता, आणि ती दोन वर्षं त्याने आयुष्यभर पुरवून वापरली होती. "मीही एका दमातच जाणार आहे," तो म्हणाला. बाकावर लगेच सल्ल्यांची झड लागली. सूर्यफुलाच्या बिया सोलत राहायच्या, तोंड चालू असलं की डोळे मिटत नाहीत. कच्चा लसूण गालात धरायचा. ओला टॉवेल मानेवर टाकायचा. बायकोशी भांडण काढायचं. कांबुरोव्हचा उपाय सगळ्यांत भारी: वाटेत थांबून जनावराच्या आतड्यांचं गरम सूप, वर लसणाचं व्हिनेगर आणि भरपूर लाल तिखट. "मेलेला माणूस उठून बसतो," तो म्हणाला.

तळमजल्यावरची झिवकाकाकू तेवढी काही बोलली नव्हती. या बाईने सव्वीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली होती, पण बाकावर तिच्या मताला किंमत नव्हती, कारण ती थोडक्यात बोलायची. सगळे उठल्यावर तिने ल्यूबेनला थांबवलं.

"झोप आली तर काय करशील?"

"मला येत नाही."

"येईल. दोन ते चारमध्ये येईल, जेवला असशील तर नक्की येईल. मग गाडी बाजूला घे आणि झोप. वीस मिनिटं. त्याला दुसरा उपाय नाही. बाकीचं सगळं तोंडी लावायला." असं म्हणून तिने घरातून एक स्वयंपाकाचं घड्याळ आणून दिलं. टोमॅटोच्या आकाराचं, पिळून लावायचं, अंडी उकडताना वापरतात ते. "हे लाव आणि निर्धास्त झोप. मी याच्यावर सव्वीस वर्षं काढली."

ल्यूबेनने ते सभ्यपणे खिशात टाकलं. इतका साधा सल्ला खरा असणं शक्यच नाही, असं त्याच्यातल्या सरकारी माणसाला वाटलं.

आता निघण्याआधीच्या तीन दिवसांबद्दल. बुधवारी रात्री त्याने पाळण्याला वॉर्निश लावलं. खाली पसरलेलं वर्तमानपत्र पाळण्याला चिकटलं आणि सकाळी पाळण्याच्या पायावर अर्धी निधनवार्ता उलटी उमटलेली दिसली. ती घासून काढून गुरुवारी रात्री दुसरा हात. दिवसा गाडीची वार्षिक तपासणी, ती नेमकी याच आठवड्यात संपत होती. तपासणीवाल्याने त्याला तीनदा परत पाठवलं. एकदा आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपली म्हणून, एकदा प्रथमोपचाराच्या डब्यातल्या पट्टीची मुदत संपली म्हणून, आणि तिसऱ्यांदा फक्त, "एक कागद कमी आहे." हे वाक्य ल्यूबेनने एकतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. खिडकीच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं. ब्रेक चांगले होते, दिवे चांगले होते, टायर चांगले होते. चालवणाऱ्याकडे कुणी पाहिलं नाही. तसा रकानाच त्या फॉर्मवर नव्हता.

शुक्रवारी रात्री सामान. नेवेनाने भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बेचाळीस बरण्या भरल्या होत्या, कारण विहीणबाई आणतात ती विकतची असते. बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात भरून, चार मजले उतरवून गाडीत लावेपर्यंत दोन वाजले. मग पाळणा टपावर बांधला, सोडला, पुन्हा बांधला. पलंगावर पाठ टेकते न टेकते तोच पहाट झाली.

पाच वाजता सगळं तयार होतं. झिवकाकाकू तांब्याभर पाणी घेऊन पायरीवर उभी होती. निघणाऱ्याच्या वाटेवर पाणी ओततात, प्रवास पाण्यासारखा सुरळीत व्हावा म्हणून. आणि त्याच वेळी ल्यूबेनच्या लक्षात आलं, की रस्त्याचा कर भरताना त्याने गाडीच्या नंबरातले दोन आकडे उलटे टाकले होते. कर भरला होता दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा.

"नवीन भरून टाक," नेवेना म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"प्रश्न दोन मिनिटांचा नाही. प्रश्न नोंदीचा आहे. चुकीची नोंद दुरुस्त झाली पाहिजे."

तो पाच ते नऊ फोनवर होता. आधी यंत्राशी बोलला, मग दुसऱ्या यंत्राशी, मग एका मुलीशी, जिने दुरुस्ती सोमवारी होईल असं सांगितलं, आणि शेवटी तिच्या साहेबाशी, ज्याने तेच जास्त आदराने सांगितलं. नऊला त्याने नवीन कर भरला. त्याला दोन मिनिटं लागली. तोवर झिवकाकाकू तीनदा पाणी ओतून गेली होती आणि चौथ्यांदा ओतलं ते ल्यूबेनच्या बुटात गेलं. पावणेदहाला ते निघाले. पहाटेच्या थंडाव्यात कापायचा रस्ता आता भर दुपारच्या पदरात पडला होता. तीन रात्रींत मिळून ल्यूबेन अकरा तास झोपला असेल. जिन्याच्या खिडकीतून कांबुरोव्ह घड्याळाकडे बघून हात हलवत होता.

व्रात्सापर्यंत ठीक गेलं. सोफियाला वळसा घालेपर्यंतही ठीकच. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मात्र टपावरचा पाळणा गुणगुणायला लागला. वेग वाढवला की सूर चढायचा, कमी केला की उतरायचा. नेवेनाला आधी हसू आलं, मग डोकं दुखायला लागलं. ल्यूबेनने खिडकी उघडली.

"बंद कर. वारं लागतं. मान धरेल माझी."

"गरम होतंय. जरा वारा आला की बरं वाटतं."

"तुला बरं वाटेल. मान माझी आहे. उद्या बाळाला घ्यायचंय मला, वाकडी मान घेऊन का उभी राहू विहीणबाईंपुढे?"

खिडकी बंद झाली. गाडीतलं गार हवेचं यंत्रही याच मानेपायी तीन वर्षं बंदच होतं. नेवेना गळ्याभोवती रुमाल गुंडाळून बसली होती, ऑगस्टात. तिने त्या मानेची फार काळजी घेतली, हे मला इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

प्लोव्हदिवच्या अलीकडे दोनच्या सुमाराला त्याने गाडी एका खाणावळीपुढे थांबवली. एका दमात जाणं मोडलं, पण सूप हा औषधाचा भाग होता. त्याने दोन वाडगे प्यायले, लसूण आणि तिखट घालून, सोबत अर्धा पाव. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाचेक मिनिटं तो खरोखर कर्नलच्या गाडीवरचा ल्यूबेन झाला. नेवेना म्हणाली, जरा झाडाखाली पड. तो म्हणाला, पडायला मी काय म्हातारा आहे?

पाळण्याचा आवाज सहन होईना म्हणून त्याने मोठा रस्ता सोडला आणि चिरपानकडून जाणारा जुना रस्ता धरला. तो रस्ता आखल्यासारखा सरळ. दोन्हीकडे सूर्यफुलं, ऑगस्टात ती सगळी माना खाली घालून उभी असतात. समोर काही नाही, मागे काही नाही. पाळणाही गप्प झाला होता. ल्यूबेन बिया सोलत होता, टरफलं शर्टावर पडत होती. मग लक्षात आलं, की बराच वेळ तोंडात एकच बी आहे. एक गाव आलं आणि त्याला मागचं गाव आठवेना.

"झोप येतेय का तुला?" नेवेनाने विचारलं.

"नाही."

"मघाशी तू पांढऱ्या पट्ट्यावर गेलास."

"खड्डा चुकवला."

"खड्डा नव्हता."

"म्हणजे चुकवला ना."

ती हसली नाही. तिने समोरच्या कप्प्यातून, त्याने तिथे टाकून दिलेलं ते टोमॅटोचं घड्याळ काढलं, पिळून वीसवर लावलं आणि मांडीवर ठेवलं. "वीस मिनिटं तू चालव. हे वाजलं की जिथे असू तिथे थांबायचं. झोप म्हणत नाही मी. नुसतं थांबायचं. कबूल?"

"कबूल," ल्यूबेन म्हणाला. त्यात त्याची मानहानी नव्हती. झोपायला थांबणं वेगळं आणि घड्याळ वाजलं म्हणून थांबणं वेगळं. दुसरं हे शिस्तीत बसत होतं.

यापुढचं त्याला एवढंच आठवतं: घड्याळाची टिकटिक, आणि फार सुख वाटलं हे. पायातले मोजे एव्हाना वाळले होते. मग एकदम सगळं लाल झालं.

लाल म्हणजे कलिंगडं. रस्त्याच्या कडेला दिन्को नावाचा माणूस कलिंगडांचा ढीग लावून बसला होता, गाडी त्या ढिगातून गेली आणि पलीकडच्या चरात कुशीवर पडली. मागच्या मोटारीतून आलेली एक बाई रस्त्यावरचा तो लाल चिखल पाहून जागीच चक्कर येऊन पडली, आणि रुग्णवाहिका आली तेव्हा तिलाच आधी उचललं. गाडीत बेचाळीसपैकी एकोणचाळीस बरण्या फुटल्या होत्या, आणि ल्यूबेन नखशिखांत मिरचीच्या चटणीने माखला होता. लोकांनी त्याचं रक्त पुसायला घेतलं तर ते संपेचना. त्याच्या डोळ्यांची आग आग होत होती आणि तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होता, की माझा चष्मा कुठे आहे?

दिन्कोची खुर्ची चाकाखाली चपटी होऊन पडली होती. ती बघत दिन्को बराच वेळ उभा राहिला. "बायकोने हाक मारली म्हणून उठलो," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. "तीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्या हाकेला उठलो." मग तो खाली बसला आणि रडायला लागला. त्याला काहीही लागलं नव्हतं.

लोक पोचायच्या आधी गाडीत टिकटिक चालूच होती. नेवेना दाराला टेकून अवघडलेली होती, रुमाल गळ्याभोवती तसाच, डोळे उघडे. ल्यूबेन तिच्याकडे सरकू पाहत होता तेवढ्यात ते घड्याळ कुठेतरी बरण्यांच्या काचांखाली घणघणलं. वीस मिनिटं झाली होती.

"ल्यूबेन," ती हळू आवाजात म्हणाली. "थांबलो का आपण?"

"हो," तो म्हणाला. "थांबलो."

स्तारा झागोराच्या इस्पितळात तिच्या मानेवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. डोक्याभोवती लोखंडी कडं, कड्याला चार दांडे, दांडे खाली छातीवरच्या पट्ट्याला. ती पाठीवर सरळ निजलेली, नजर छताला. पाय हलत होते, डावा हात हलत होता. उजवा हलत नव्हता. तो हलेल का, असं विचारलं की डॉक्टर म्हणायचे, बघू. ल्यूबेनच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि भुवईवर सात टाके पडले होते, म्हणजे काहीच झालं नव्हतं. पोलिसांनी त्याचा परवाना काढून घेतला, तो त्याने मुकाट्याने दिला. पाळणा मात्र अडकला. तो टपावरून उडून सूर्यफुलांत पडला होता, एक वाकडा पाय मोडला एवढंच. दिन्कोने तो उचलून आणला होता आणि त्यात वाचलेली सहा कलिंगडं ठेवून पोलिसांच्या हवाली केला होता. आता पाळणा पुराव्याच्या खोलीत होता. ल्यूबेन तो सोडवायला गेला तर खिडकीतल्या माणसाने विचारलं, पाळणा तुमचा कशावरून? "माझ्या सासऱ्यांनी केला." त्याचा कागद आहे? ल्यूबेन वाद न घालता परत आला.

झिवकाकाकूचा एकदा फोन आला. "घड्याळ लावलं होतंस?" तिने विचारलं.

"नेवेनाने लावलं होतं. वाजलंही."

काकू म्हणाली, "जेवत जा," आणि फोन ठेवला. कांबुरोव्हचा आला नाही. बाकावर तो म्हणे सगळ्यांना सांगत होता, की सूप एक वाडगा प्यायचं असतं, दोन नाही.

सहाव्या दिवशी एक पोलिस नेवेनाचा जबाब घ्यायला आला. ल्यूबेनला बाहेर बसवलं, पण दार नीट लागत नव्हतं.

"बाई, अपघाताच्या आधी तुमचं काही बोलणं झालं?"

"मी विचारलं त्याला."

"काय विचारलं?"

"झोप येतेय का म्हणून. दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा तो नाही म्हणाला होता. नंतर जरा गप्प झाला म्हणून मी पुन्हा विचारलं."

"मग?"

"नाही म्हणाला."

"तोंडाने?"

बाहेर ल्यूबेन दाराजवळ सरकला. दुसऱ्यांदा विचारलेलं त्याला आठवत नव्हतं. त्याने सहा दिवस आठवून पाहिलं होतं, तिथे काहीच नव्हतं, नुसती टिकटिक होती.

"मानेने," नेवेना म्हणाली. "मान खाली गेली आणि झटक्याने वर आली. दोनदा. मला वाटलं, नाही म्हणतोय. रागाने म्हणतोय असं वाटलं, मी सारखं विचारते म्हणून. मग मी म्हटलं, जाऊ दे, घड्याळ लावलंय. आणि डोळे मिटले."

कागदावर पेन चाललेलं ऐकू आलं. मग पोलिसाने वाचून दाखवलं: "'पत्नीने विचारणा केली असता चालकाने झोप येत असल्याचे मानेने नाकारले.' बरोबर आहे?"

"बरोबर असेल."

"इथे सही करा."

"तो हात हलत नाही माझा."

शेवटी डाव्या हाताचा अंगठा घेतला.

ल्यूबेन बाहेर बसून ते वाक्य मनात घोळवत होता. वाक्यात चूक नव्हती. त्याने स्वतः लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. फक्त ते 'नाही' त्याने म्हटलं होतं की झोपेने, हे त्याला कळत नव्हतं, आणि पुढे कधी कळणारही नव्हतं. मग त्याला वाटलं, काय फरक पडतो? जागा असता तरी त्याने तेच म्हटलं असतं. त्या दुपारी त्याला अगदी नीट, शुद्धीवर ठेवून, बायबलवर हात ठेवायला लावून विचारलं असतं, तरी त्याची मान खाली-वरच झाली असती. हे कळल्यावर तो उठून इस्पितळाच्या शौचालयात गेला, नळ मोठा सोडला आणि रडला. बरगड्या मोडलेल्या असताना रडणं फार दुखतं.

बारसं पुढे गेलं होतं. अकराव्या दिवशी रालित्सा बाळाला घेऊन आली. सोबत विहीणबाई होत्या, हातात तो प्लॅस्टिकचा पाळणा. तो उचलून नेता येत होता, त्याची ही सोय ल्यूबेनला माहीत नव्हती. विहीणबाईंनी पाळणा दारापाशी ठेवला, गाणं वाजू नये म्हणून बटणावर बोट दाबून धरलं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. पुढे आल्या नाहीत. ल्यूबेनच्या मनात त्यांच्याबद्दल तीन वर्षांचं जे काही साचलं होतं ते तिथल्या तिथे संपलं.

"आई, आणलंय मी तिला," रालित्सा म्हणाली.

"कुठे आहे? मला छत सोडून काही दिसत नाही. छताला एक डाग आहे, तो आता मला पाठ झालाय."

रालित्साने बाळाला दोन्ही हातांत धरून पलंगावर, नेवेनाच्या तोंडाच्या वर आणलं. पालथं, तोंड खाली. अक्रोडाच्या पाळण्यात आजीने वाकून बघायचं होतं, तर आता नातच वरून वाकून आजीकडे बघत होती. पन्नास दिवसांच्या त्या पोरीची मान धरत नव्हती. रालित्साने तळहात खाली लावला होता तरी डोकं सारखं खाली जायचं, वर यायचं, पुन्हा खाली जायचं.

"नाही नाही म्हणतेय," रालित्सा हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

"नाही म्हणत नाहीये," नेवेना म्हणाली. "मान धर तिची. नीट धर."

तिने डावा हात उचलला. तो बाळाच्या गालापर्यंत पोचला, पुढे नाही. तिने दोन बोटांनी गाल चाचपला आणि बराच वेळ ती बोटं तिथेच ठेवली. मग बाळ रडायला लागलं आणि रालित्सा तिला घेऊन बाहेर गेली. विहीणबाई पाळणा उचलून मागोमाग गेल्या, जाताना त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.

खोलीत दोघंच उरली. ल्यूबेन भिंतीपाशी खुर्चीत बसला होता. अकरा रात्री तो याच खुर्चीत होता. डोळे मिटले की सगळं लाल व्हायचं, म्हणून तो मिटत नव्हता. नर्सने दोनदा गोळी दिली होती, ती त्याने खिशात ठेवली होती.

"ल्यूबेन."

"इथे आहे."

"झोप येतेय का तुला?"

त्याची मान खाली गेली. सवयीने गेली, आणि वर यायच्या आत त्याने ती थांबवली.

"मला तू दिसत नाहीस," नेवेना छताकडे बघत म्हणाली. "तोंडाने सांग."

त्याला शब्द सापडायला वेळ लागला. चौपन्न वर्षांत या प्रश्नाला तो त्याने कधी वापरला नव्हता.

"हो," तो म्हणाला. "येतेय. फार येतेय, नेवेना."

मग तिने डावा हात पलंगाच्या कडेला आणून खाली सोडला. त्याने खुर्ची ओढून तो हात धरला.

"मग झोप," ती म्हणाली. "मी जागी आहे."